मर्यादित शासनाचा आदर्श आणि राजकीय पक्षांचे आचरण : अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

शासनाने आपला पसारा आवरावा, कर कमी करावेत आणि नागरिकांच्या व्यवहारात कमीत कमी हस्तक्षेप करावा, अशी भूमिका घेणारे पक्ष अनेक लोकशाही देशांत आढळतात. या भूमिकेला उदारमतवादी राजकीय विचाराची भक्कम परंपरा आहे. जॉन लॉक, अॅडम स्मिथ, जॉन स्टुअर्ट मिल यांच्यापासून विसाव्या शतकातील फ्रिडरिख हायेक आणि मिल्टन फ्रीडमन यांच्यापर्यंत अनेक विचारवंतांनी शासनसंस्थेच्या मर्यादांची चर्चा केली आहे. परंतु विचार मांडणे आणि सत्ता हाती असताना तो पाळणे या दोन वेगळ्या गोष्टी होत.

मर्यादित शासनाचा पुरस्कार करणारे पक्ष सत्तेवर आल्यानंतर त्या आदर्शाप्रमाणे वागतात काय, आणि वागत नसतील तर त्याची कारणे कोणती, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. अभ्यासासाठी अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाची निवड केली आहे. या पक्षाने हा आदर्श दीर्घकाळ आणि स्पष्ट शब्दांत मांडला, अनेकदा सत्ता उपभोगली आणि त्याच्या कारभाराची आकडेवारीही उपलब्ध आहे. लेखाच्या शेवटी भारतातील व महाराष्ट्रातील अनुभवाचा संक्षेपाने परामर्श घेतला आहे.

शासनाचा आकार कसा मोजावा?

‘लहान शासन’ हा शब्दप्रयोग सोपा वाटला तरी त्याची किमान चार अंगे वेगळी करणे आवश्यक आहे. पहिले अंग शासकीय खर्चाचे. तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात पाहावा लागतो. दुसरे अंग करांचे. तिसरे अंग खाती आणि कर्मचारी यांच्या संख्येचे, तर चौथे नियंत्रणाचे. नियंत्रणातही उद्योग-व्यापारावरील नियंत्रण आणि व्यक्तीच्या खाजगी जीवनावरील नियंत्रण असा भेद करावा लागतो.

या भेदाचे महत्त्व असे की एखादा पक्ष एका अंगाबाबत आदर्श पाळून दुसऱ्या अंगाबाबत तो सहज मोडू शकतो. कर कमी केले पण खर्च कमी केला नाही, तर शासन लहान होत नाही. त्याचे देयक फक्त पुढच्या पिढीच्या नावे लिहिले जाते. कर्मचारी कमी करून तेच काम कंत्राटदाराकडे सोपविले, तर हजेरीपट लहान होतो, खर्च होतोच असे नाही. पक्षांच्या दाव्यांची तपासणी करताना ही चारही अंगे डोळ्यांसमोर ठेवणे इष्ट ठरते.

पूर्वपीठिका

मर्यादित शासनाचा आदर्श आणि सत्तेचा मोह यांतील ताण अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाच्या जन्मापूर्वीपासून दिसतो. तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन हे दुर्बल केंद्राचे आणि राज्यघटनेच्या काटेकोर अन्वयार्थाचे पुरस्कर्ते होते. १८०१ मध्ये सत्तेवर आल्यावर त्यांनी अंतर्गत कर रद्द केले आणि राष्ट्रीय कर्ज बरेच घटविले. मात्र १८०३ मध्ये फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला लुईझियाना प्रदेश विकत घेताना त्यांनी असा अधिकार वापरला की जो राज्यघटनेत कोठेही स्पष्टपणे दिलेला नव्हता. याची त्यांना स्वतःलाही जाणीव होती. १८०७ मध्ये त्यांच्याच शासनाने परदेशी व्यापारावर जवळजवळ सर्वंकष बंदी घातली.

आजचा रिपब्लिकन पक्ष १८५४ मध्ये स्थापन झाला तो लहान शासनाच्या तत्त्वावर मुळीच नव्हे. गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध हे त्याचे उद्दिष्ट होते. अब्राहम लिंकन यांच्या काळात याच पक्षाने पहिला संघीय आयकर लावला, १८६२ मध्ये शेतकऱ्यांना सरकारी जमिनी देणारा कायदा केला, खंडपार रेल्वेला साहाय्य दिले आणि मॉरिल कायद्यान्वये जमिनीच्या देणग्यांतून शेती व तंत्रशिक्षणाची महाविद्यालये उभी केली. त्या काळात घटकराज्यांचे अधिकार आणि दुर्बल केंद्र यांचा आग्रह डेमोक्रॅटिक पक्ष धरीत असे.

ही भूमिका पुढे उलटली. १९२० च्या दशकात राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांनी करकपात, काटकसर आणि कर्जफेड या तिन्ही गोष्टी एकत्र साधल्या. रिपब्लिकन पक्षाच्या इतिहासात आदर्श आणि आचरण यांचा इतका मेळ पुन्हा क्वचितच दिसतो. १९३३ नंतर फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ने संघशासनाचे स्वरूपच पालटले, आणि त्याला विरोध करताना रिपब्लिकन पक्ष लहान शासनाचा वाहक बनला. तथापि १९५३ मध्ये सत्ता मिळाल्यावर ड्वाइट आयझेनहॉवर यांनी सामाजिक सुरक्षा योजना मोडीत न काढता तिची व्याप्ती वाढविली आणि १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचा प्रचंड प्रकल्प हाती घेतला. रिचर्ड निक्सन यांच्या कारकिर्दीत पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली आणि ऑगस्ट १९७१ मध्ये शांतताकाळात किमती व वेतन यांच्यावर थेट नियंत्रण आणले गेले. १९६४ च्या निवडणुकीत बॅरी गोल्डवॉटर यांनी हा आदर्श निर्भीडपणे मांडला, परंतु त्यांना पन्नासपैकी अवघी सहा राज्ये जिंकता आली. हा पराभव पक्षाला बरेच काही शिकवून गेला.

रेगन पर्व : करकपात झाली, शासनकपात झाली नाही

जानेवारी १९८१ मध्ये रॉनल्ड रेगन यांनी पहिल्याच अधिकृत भाषणात शासन हीच तत्कालीन समस्या असल्याचे सांगितले. मर्यादित शासनाचा एवढा खंदा पुरस्कर्ता त्या पदावर अनेक वर्षांत आला नव्हता. म्हणूनच त्यांची आठ वर्षे या आदर्शाची कसोटी मानली पाहिजेत.

करांच्या बाबतीत त्यांनी मोठा बदल घडविला. आयकराचा सर्वोच्च दर ७० टक्क्यांवरून १९८८ पर्यंत २८ टक्क्यांवर आला. खर्चाचे चित्र मात्र निराळे आहे. संघीय खर्च १९८१ मध्ये स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे २२ टक्के होता. तो १९८३ मध्ये २३ टक्क्यांच्या जवळ गेला आणि कारकीर्द संपताना २१ टक्क्यांच्या आसपास स्थिरावला. म्हणजे आठ वर्षांच्या प्रयत्नांनंतरची घट सुमारे एका टक्क्याची होती. संरक्षणावरील वाढता खर्च आणि ज्येष्ठांच्या योजनांचे अबाधित स्थान यांमुळे इतरत्र केलेली काटकसर झाकोळली गेली. संघीय कर्ज सुमारे १ लाख कोटी डॉलरवरून १९८९ मध्ये २.९ लाख कोटी डॉलरच्या घरात पोहोचले. ऊर्जा आणि शिक्षण ही दोन खाती बंद करण्याचे आश्वासन होते. दोन्ही टिकली आणि माजी सैनिकांच्या प्रशासनाला मंत्रिमंडळीय खात्याचा दर्जा देणाऱ्या कायद्यावर १९८८ मध्ये रेगन यांनीच स्वाक्षरी केली.

नियंत्रणमुक्तीच्या क्षेत्रातही पक्षांची रूढ प्रतिमा पूर्णपणे खरी ठरत नाही. विमानवाहतूक १९७८ मध्ये आणि मालमोटार वाहतूक १९८० मध्ये नियंत्रणमुक्त झाली ती डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या काळात. उलट अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत रेगन शासनाने १९८६ मध्ये कठोर शिक्षांचा कायदा करून पोलीस व तुरुंग यांचा विस्तार केला. आर्थिक व्यवहारात शासन नको, पण व्यक्तीच्या वर्तनावर मात्र त्याची नजर असावी, ही दुहेरी भूमिका पुढेही कायम राहिली.

विभाजित सत्ता आणि एकहाती सत्ता

१९९० नंतरचा काळ तुलनेसाठी विशेष उपयुक्त आहे. १९९४ च्या निवडणुकीत न्यूट गिंग्रिच यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकनांनी अमेरिकी काँग्रेसची दोन्ही सभागृहे जिंकली. राष्ट्राध्यक्षपदी मात्र डेमोक्रॅट बिल क्लिंटन होते. संघर्ष इतका विकोपास गेला की १९९५-९६ च्या हिवाळ्यात सरकारी कार्यालये काही आठवडे अंशतः बंद राहिली. पुढे क्लिंटन यांनी स्वतःच मोठ्या शासनाचे युग संपल्याचे जाहीर केले, १९९६ मध्ये कल्याणकारी मदतीच्या नियमांत बदल झाले आणि १९९८ ते २००१ अशी सलग चार वर्षे अर्थसंकल्प शिलकी राहिला. २००० मध्ये संघीय खर्च उत्पादनाच्या सुमारे १८ टक्क्यांपर्यंत खाली आला होता. शीतयुद्ध संपल्याने घटलेला संरक्षणखर्च, अर्थव्यवस्थेतील तेजी, १९९० व १९९३ मधील करवाढ आणि परस्परांना रोखून धरणारे दोन पक्ष यांचा हा संयुक्त परिणाम होता.

त्यानंतर जॉर्ज डब्ल्यू. बुश राष्ट्राध्यक्ष झाले आणि २००३ ते २००६ या काळात राष्ट्राध्यक्षपद व काँग्रेसची दोन्ही सभागृहे रिपब्लिकनांच्याच हाती होती. आदर्श अमलात आणण्याची ही अनुकूल संधी होती. प्रत्यक्षात शालेय शिक्षणात संघशासनाचा हस्तक्षेप वाढविणारा कायदा जानेवारी २००२ मध्ये आला, २२ संस्था एकत्र करून अंतर्गत सुरक्षेचे नवे अवाढव्य खाते निर्माण झाले आणि ज्येष्ठांच्या ‘मेडिकेअर’ आरोग्ययोजनेत औषधखर्चाचा समावेश करणारा कायदा डिसेंबर २००३ मध्ये झाला. पक्षाच्या नेतृत्वाने प्रतिनिधिगृहातील मतदान पहाटे जवळजवळ तीन तास उघडे ठेवून या विधेयकासाठी बहुमत गोळा केले. दोन युद्धे चालू असतानाच करही कमी करण्यात आले. २००८ च्या वित्तीय संकटात बँकांच्या बचावासाठी ७० हजार कोटी डॉलरची तरतूद याच राष्ट्राध्यक्षांच्या स्वाक्षरीने झाली.

विरोधात जाताच आदर्श पुन्हा प्रखर झाला. बराक ओबामा यांच्या काळात ‘टी पार्टी’ चळवळ उभी राहिली, २०१० मध्ये प्रतिनिधिगृह रिपब्लिकनांकडे आले आणि २०११ च्या अर्थसंकल्प नियंत्रण कायद्याने खर्चाला मर्यादा घातल्या. संकटकाळात २४ टक्क्यांवर गेलेला खर्च २०१४ पर्यंत सुमारे २० टक्क्यांवर आला. पुढे डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत, २०१८ मध्ये, त्याच मर्यादा दोन्ही पक्षांच्या संमतीने शिथिल करण्यात आल्या. डिसेंबर २०१७ च्या कायद्याने कंपनीकर ३५ वरून २१ टक्क्यांवर आणला. परिणामी कोविडपूर्व २०१९ या वित्तीय वर्षात, अर्थव्यवस्था सुस्थितीत असताना, तूट ९८ हजार कोटी डॉलरच्या वर गेली.

ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत २०२५ साली शासकीय कार्यक्षमतेसाठी एलॉन मस्क यांच्या पुढाकाराने स्वतंत्र यंत्रणा स्थापन झाली. प्रारंभी २ लाख कोटी डॉलरच्या कपातीची भाषा होती. कर्मचाऱ्यांची संख्या खरोखरच लक्षणीयरीत्या घटली आणि परदेशी मदतीची संस्था मोडीत निघाली. परंतु त्या वित्तीय वर्षाचा एकूण संघीय खर्च आधीच्या वर्षापेक्षा जास्तच झाला. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या कर व खर्चविषयक कायद्यामुळे दहा वर्षांत सुमारे ३.४ लाख कोटी डॉलरची तूट वाढेल, असा अंदाज काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने वर्तविला. त्याच वर्षी आयातशुल्के मोठ्या प्रमाणावर वाढविण्यात आली आणि इंटेल या खाजगी कंपनीत शासनाने सुमारे १० टक्के भागभांडवल घेतले. शिक्षण खाते गुंडाळण्याचा आदेश मार्च २०२५ मध्ये निघाला. मात्र ते खाते कायद्याने निर्माण झालेले असल्यामुळे नव्या कायद्याविना ते रद्द करता येत नाही. कर्मचारी कमी, परंतु खर्च अधिक आणि व्यापारातील हस्तक्षेप अधिक, असे हे संमिश्र चित्र आहे.

कारणमीमांसा

या विसंगतीला केवळ ढोंग म्हणून निकालात काढणे अभ्यासकाला शोभणार नाही. तिच्या मुळाशी काही स्थायी कारणे आहेत.

पहिले कारण खर्चाच्या रचनेत आहे. सामाजिक सुरक्षा, मेडिकेअर, गरिबांसाठीची आरोग्ययोजना, संरक्षण आणि कर्जावरील व्याज या पाच बाबींवर संघीय खर्चापैकी साधारण सात दशांश भाग जातो. व्याज टाळता येत नाही, संरक्षणाला पक्षाचा वैचारिक पाठिंबा आहे आणि ज्येष्ठ नागरिक हा रिपब्लिकनांचा महत्त्वाचा मतदारवर्ग आहे. उरलेल्या खर्चात कितीही कात्री चालविली तरी एकूण आकार फारसा बदलत नाही.

दुसरे कारण मतदारांच्या मनोवृत्तीत आहे. लॉइड फ्री आणि हॅडली कँट्रिल यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की अमेरिकी नागरिक तत्त्वाच्या पातळीवर शासनविरोधी, पण प्रत्यक्ष योजनांच्या पातळीवर शासनाच्या बाजूचे असतात. ‘खर्च कमी करावा काय’ या प्रश्नाला होकार देणारा मतदार ‘कोणता खर्च’ असे विचारताच थबकतो. पक्ष मतदारांची हीच द्विधा प्रतिबिंबित करतात.

तिसरे कारण हितसंबंधांच्या रचनेत आहे. मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये दाखविल्याप्रमाणे लहान गट संघटित होणे सोपे असते. एखाद्या अनुदानाचा लाभ थोड्यांना मोठ्या प्रमाणात मिळतो, त्याचा भार मात्र सर्वांवर थोडाथोडा पडतो. त्यामुळे अनुदान वाचविणारे आवाज मोठे आणि ते बंद करा म्हणणारे आवाज क्षीण राहतात.

चौथे कारण संकटांचे आहे. रॉबर्ट हिग्ज यांच्या विवेचनानुसार युद्ध वा मंदीच्या काळात विस्तारलेले शासन संकट ओसरल्यावर पूर्वस्थितीला येत नाही. अंतर्गत सुरक्षेचे खाते हे याचे ठळक उदाहरण होय.

पाचवे कारण कर्जाचे आहे. करकपात करून शासनाचे उत्पन्नच तोडले की खर्च आपोआप आटोक्यात येईल, असा युक्तिवाद रेगन काळापासून केला जातो. परंतु रेगन यांच्याच आर्थिक सल्लागार मंडळाचे सदस्य असलेले विल्यम निस्कानन यांना पुढे आढळले की कर कमी असताना खर्च वाढण्याकडेच कल दिसतो. वस्तू उधारीवर मिळाली की ती स्वस्त वाटते आणि अधिक घेतली जाते. शासकीय सेवांचेही तसेच होते. जेम्स ब्युकॅनन यांच्या सार्वजनिक निवड सिद्धांताने तुटीकडे असणारा लोकशाहीचा हा कल आधीच अधोरेखित केला होता.

याशिवाय मोजमापातून निर्माण होणारा आभासही लक्षात घ्यावा लागतो. टपाल खाते वगळता संघीय नागरी कर्मचाऱ्यांची संख्या १९६० च्या दशकापासून साधारणतः २० लाखांच्या आसपासच राहिली आहे, पण दरम्यानच्या काळात शासनाचे काम कंत्राटदार, अनुदानित संस्था आणि घटकराज्ये यांच्याकडे वाटले गेले. शासन लहान दिसते, कारण त्याचा मोठा भाग शासनाच्या नावाने ओळखला जात नाही.

भारतीय अनुभव

भारतात हा आदर्श सर्वांत स्पष्टपणे मांडला तो चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या पुढाकाराने १९५९ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र पक्षाने. १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागा मिळवूनही केंद्रातील सत्ता त्याला कधी लाभली नाही आणि १९७४ मध्ये तो भारतीय लोकदलात विलीन झाला. महाराष्ट्रात शरद जोशी यांनी शेतकरी संघटनेतून आणि १९९४ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र भारत पक्षातून हाच विचार ग्रामीण भाषेत मांडला. शेतकऱ्याला सूट-सबसिडी नको, बाजारपेठेचे व तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य हवे, ही त्यांची भूमिका होती. आंदोलनांना लाखोंची गर्दी लोटली, पण तिचे मतांत रूपांतर झाले नाही. आदर्श निष्कलंक राहतो तो बहुधा सत्तेपासून दूर असलेल्यांकडेच, हे या दोन्ही पक्षांच्या इतिहासावरून दिसते.

२०१४ मध्ये भारतीय जनता पक्षाने ‘किमान शासन, कमाल सुशासन’ ही घोषणा दिली. त्यानंतर नियोजन आयोग बंद झाला, पंधराशेहून अधिक कालबाह्य कायदे रद्द झाले आणि जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली. दुसरीकडे २०२१ मध्ये सहकाराचे स्वतंत्र केंद्रीय मंत्रालय निर्माण झाले, सुमारे ८० कोटी लोकांसाठीच्या मोफत धान्ययोजनेला जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांची मुदत मिळाली आणि कृषी बाजारपेठेच्या नियंत्रणमुक्तीचे २०२० चे कायदे पुढच्याच वर्षी मागे घ्यावे लागले. यातील मोफत धान्यासारख्या योजनेचे समर्थन अनेकांना करता येईल, प्रस्तुत लेखकासही ते मान्य आहे. मुद्दा एवढाच की ती योजना आणि ती घोषणा यांचा मेळ बसत नाही, आणि तसे मोकळेपणाने सांगितले जात नाही.

अध्यापकवर्गाला हा प्रश्न परका नाही. शासन मागे हटते तेव्हा ते सर्वत्र सारख्या प्रमाणात हटत नाही; जेथे प्रतिकार क्षीण असतो तेथून ते आधी हटते. महाराष्ट्रात १९८३ पासून व्यावसायिक शिक्षणात रुजलेले विनाअनुदान तत्त्व पुढे इतर शाखांतही पसरले. विद्यार्थी वाढले, परंतु पूर्णवेळ पदांची जागा अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावरील अध्यापकांनी घेतली. महाविद्यालयांवरील परीक्षा, मान्यता व अहवाल यांविषयीची शासकीय नियंत्रणे मात्र कमी झाली नाहीत. जबाबदारीतून शासन लहान झाले आणि अधिकारातून मोठेच राहिले. मर्यादित शासनाच्या विचारवंतांना हे अभिप्रेत नव्हते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मर्यादित शासनाचा पुरस्कार करणारे पक्ष हा आदर्श करांच्या बाबतीत बऱ्याच अंशी आणि खर्चाच्या बाबतीत क्वचितच पाळतात. परिणामी शासन लहान होण्याऐवजी कर्जबाजारी होते.

२. खर्चाला आळा बसण्याचे अलीकडचे ठळक प्रसंग सत्ता दोन पक्षांत विभागलेली असतानाचे आहेत. हा आदर्श राज्यकर्त्याच्या कार्यक्रमापेक्षा विरोधकाच्या अंकुशाचे काम अधिक चांगले करतो, आणि लोकशाहीत हे कार्यही कमी मोलाचे नाही.

३. आर्थिक क्षेत्रात शासनाचा संकोच मागणारे पक्ष सुरक्षा, सीमा आणि वैयक्तिक वर्तन या क्षेत्रांत बहुधा त्याचा विस्तार करतात. म्हणून ‘लहान शासन’ या घोषणेचे मूल्यमापन तिच्या सर्व अंगांनी व्हावयास हवे.

४. शासनाचा संकोच असंघटितांच्या वाट्याला आधी येतो. कपातीची एकूण रक्कम किती, यासोबत ती कोणाच्या पदरात पडली, हेही तपासले पाहिजे.

राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या वर्गात हा विषय शिकविताना पक्षांचे जाहीरनामे आणि अर्थसंकल्प शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची सवय विद्यार्थ्यांना लावता येईल. शासन किती असावे याविषयी मतभेद राहणारच आणि ते राहावेतही. मात्र जे शासन आपण मागतो त्याची किंमत आज कर भरून द्यावयाची की उद्याच्या पिढीवर ढकलावयाची, हा प्रश्न मतदारासमोर स्पष्टपणे मांडला जाणे ही प्रामाणिक राजकारणाची किमान अट होय. लहान शासनाचे आश्वासन देणाऱ्या पक्षांनी ती अट आजवर पूर्णपणे पाळलेली नाही. मोठ्या शासनाचे आश्वासन देणाऱ्यांचीही स्वतंत्र तपासणी याच कसोटीवर व्हावयास हवी.